'कशाचे?' हा एक प्रश्न : पाचवी ते आठवीच्या गणिताचे मर्म

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेतील भाषण)



व्यापारी समाजात गणिताविषयी दोन समजुती पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या आहेत. हिशेब रक्तातच असतो, तो निराळा शिकवावा लागत नाही, ही पहिली. व्यवहाराला लागणारे गणित चौथीपर्यंत येऊन जाते, पुढचे सारे केवळ परीक्षेपुरते, ही दुसरी. या दोन्ही समजुतींमुळे मुलांची पाचवी ते आठवीची चार वर्षे दुर्लक्षित राहतात. दहावी जवळ आली की शिकवणीची धावपळ सुरू होते. परंतु तोवर पायातील दगड निखळलेला असतो. ग्रामीण भारताची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालात 2024 साली असे आढळले की, आठवीतील निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. मुले निर्बुद्ध आहेत असा याचा अर्थ नव्हे. या चार वर्षांत त्यांच्यापुढे काय येते आणि ते कोठे अडतात, हे वडीलधाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे, असा याचा अर्थ आहे.

चौथीपर्यंत मूल वस्तू मोजते. आठ म्हटले की आठ पेढे डोळ्यांसमोर उभे राहतात. पाचवीपासून मात्र ते संख्यांमधील संबंध पाहू लागते. 'पाऊण' म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो : कशाचा पाऊण? अर्धी भाकरी आणि अर्धे पोते, दोन्ही अर्धेच. पण एकाने एकाचे पोट भरते, दुसऱ्याने कुटुंबाचा महिना निघतो. 'कशाचे?' हा प्रश्न विचारण्याची सवय म्हणजेच पाचवी ते आठवीचे गणित, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, शेकडेवारी, व्याज ही सर्व प्रकरणे याच प्रश्नाची निरनिराळी रूपे होत.

अपूर्णांकांची बेरीज घ्या. अर्धा अधिक एक तृतीयांश किती, असे विचारता पुष्कळ मुले वर एक अधिक एक, खाली दोन अधिक तीन करून 'दोन पंचमांश' असे उत्तर देतात. वस्तुतः दोन पंचमांश हे अर्ध्याहूनही कमी आहेत. अर्ध्यात काही भर घातली आणि आले त्याहून कमी, हे कसे शक्य आहे? अपूर्णांकाचा अर्थ ज्या मुलाला उमगला आहे, ते ही चूक स्वतःच पकडते. ज्याने केवळ रीत पाठ केली आहे, त्याला ती दाखवूनही दिसत नाही. अर्धा म्हणजे सहापैकी तीन भाग, तृतीयांश म्हणजे सहापैकी दोन; मिळून पाच षष्ठांश. आधी दोहोंचे भाग सारखे करावयाचे, मगच बेरीज. समच्छेद करणे म्हणजे एवढेच.

जुन्या पिढीला हे जड गेले नाही, त्याचे कारण आहे. त्या काळच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेतली जाई आणि बाजारातही रुपया, आणे, पै यांचा व्यवहार चाले. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली. हिशेब सुलभ झाला, ही मोठी सोय झाली. परंतु अपूर्णांकांशी रोज पडणारी गाठ सुटली. आजच्या मुलाला अपूर्णांक फक्त पुस्तकात भेटतो. म्हणून तो अधिक समजावून द्यावा लागतो.

दशांशाचेही तसेच. 40 मीटरचा ताका आहे, एका सदऱ्याला 2.25 मीटर कापड लागते, तर किती सदरे होतील? यंत्रावर भागाकार केला की 17.77 दिसते. सदरे 17 होतील, हे मूल सांगते. मग कापड किती उरले, असे विचारले की ते 0.77 मीटर म्हणते. उत्तर चुकले. 17 सदऱ्यांना 38.25 मीटर लागले, उरले 1.75 मीटर. यंत्रावरील 0.77 हे मीटर नव्हते, तो सदऱ्याचा भाग होता. यंत्राने चूक केली नाही, यंत्राला 'कशाचे?' हे विचारता येत नाही, एवढेच.

पुढे येते त्रैराशिक. 4 मीटरला 600 रुपये, तर 7 मीटरला 1,050 रुपये, हे समप्रमाण. 6 कारागीर एक काम 10 दिवसांत करतात, तर तितक्याच वेगाने काम करणारे 15 कारागीर ते 4 दिवसांत करतील, हे व्यस्तप्रमाण. परंतु एक साडी उन्हात दोन तासांत वाळते, तर शेजारी शेजारी टाकलेल्या पाच साड्या किती तासांत वाळतील? घाईने 'दहा' म्हणणारी मुले थोडी नाहीत. उत्तर दोनच तास. त्रैराशिक कोठे लावावे हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कोठे लावू नये हेही महत्त्वाचे. हा विवेक गाइडमधून येत नाही.

शेकडेवारी ही तर बाजाराची भाषा. 500 रुपयांच्या मालाची किंमत 20 टक्के वाढवून 600 केली आणि त्यावर 20 टक्के सूट दिली, तर पुन्हा 500 येत नाहीत, 480 येतात. पहिले वीस टक्के पाचशेचे होते, दुसरे सहाशेचे. 20 टक्के आणि त्यानंतर 10 टक्के सूट म्हणजे 30 नव्हे, 28 टक्के. कर्जातही हेच. एक लाख रुपयांवर दरसाल 12 टक्क्यांनी तीन वर्षांचे सरळव्याज 36,000 रुपये. वार्षिक चक्रवाढीने तेच 40,492 रुपये 80 पैसे. आणि हप्त्याने फेडावयाच्या कर्जात व्याज मूळ रकमेवर लावले आहे की दरमहा घटत जाणाऱ्या शिल्लक रकमेवर, हे न विचारता सही करणाऱ्याला, दर कागदावर सारखाच दिसत असला, तरी पहिले कर्ज पुष्कळ महाग पडते. ही सही पुढे कधी मुलगा करील, कधी मुलगी करील. दोघांनाही हे यावयास हवे.

सहावी-सातवीत अक्षरे येतात आणि मुले बिचकतात. त्याचे मूळ बहुधा 'बरोबर' या चिन्हात असते. 8 अधिक 4 बरोबर रिकामी चौकट अधिक 5, असे लिहून दिले की अनेक मुले चौकटीत 12 भरतात. 'बरोबर' म्हणजे 'आता उत्तर लिहा', असे त्यांना वाटते. वस्तुतः ते चिन्ह म्हणजे तराजूची दांडी आहे. दोन्ही पारडी सम राहिली पाहिजेत, म्हणून चौकटीत 7. हे कळले की समीकरणाची भीती जाते. 5 टक्के करासह किंमत 1,260 रुपये असेल, तर मूळ किंमत किती? 1,260 मधून 5 टक्के वजा करणारा 1,197 सांगेल. मूळ किंमत 'क्ष' धरून तराजू मांडणारा 1,200 सांगेल, आणि तेच बरोबर आहे.

या सभेत एका आचार्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. इसवी सन 850 च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, जैन आचार्य महावीराचार्य यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. हा ग्रंथ मद्रास येथून 1912 साली एम. रंगाचार्य यांच्या इंग्रजी भाषांतरासह आणि 1963 साली आपल्या सोलापुरातून हिंदी अनुवादासह प्रकाशित झाला. त्यातील अधिकारांची नावे पाहावीत : अपूर्णांकांसाठी 'कलासवर्ण', मग त्रैराशिक, मग व्याजाचा हिशेब सांगणारा मिश्रक व्यवहार, मग क्षेत्रगणित. आजच्या पाचवी ते आठवीचा अभ्यासक्रम जणू तेथे मांडून ठेवला आहे. समच्छेद करण्यासाठी लघुतम साधारण विभाज्याचा उपयोग आचार्यांनी 'निरुद्ध' या नावाने सांगितला. एक ही संख्या, अंशस्थानी एकच असलेल्या अपूर्णांकांत कशी विभागावी, याचीही रीत त्यांनी दिली. त्या रीतीने अर्धा, एक तृतीयांश, एक नवमांश आणि एक अठरांश मिळून बरोबर एक होतो. मुलांनी हे घरी करून पाहावे.

याच ग्रंथात, एखाद्या संख्येला शून्याने भागले असता ती तशीच राहते, असेही विधान आहे. आज ते ग्राह्य नाही. शून्याने भागाकार करताच येत नाही, असे आता शाळेतच शिकवले जाते. यामुळे आचार्यांच्या थोरवीला बाध येत नाही. एवढ्या प्रज्ञावंतालाही जो विषय अवघड गेला, तेथे बारा वर्षांचे मूल अडखळले तर त्याला 'मठ्ठ' म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

पालकांनी काय करावे? गणित शिकवता आले नाही तरी चालेल, विचारता यावे. उत्तर आले की 'हे कशाचे?' असे विचारावे. यंत्र हाती घेण्यापूर्वी 'अंदाजे किती येईल?' असे विचारावे. उत्तर चुकले तर रागावण्याऐवजी 'कसे काढलेस?' असे विचारावे. बहुतेक वेळा सांगता सांगता मुलालाच चूक सापडते. 'आमच्या घरात कोणालाच गणित येत नाही' किंवा 'मुलीला काय करायचे आहे गणित' ही वाक्ये घरातून हद्दपार करावीत. सुटीत दुकानात आलेल्या मुलाला केवळ गल्ल्याजवळ न बसवता ताका मोजावयास, सूट काढावयास, बिल पडताळावयास द्यावे.

आणि एक विनंती संस्थांना. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार सर्वत्र होतो, तो व्हावाच. परंतु जे मूल सहावीत अपूर्णांकापाशी अडून मागे राहिले, ते त्या व्यासपीठापर्यंत पोहोचतच नाही. आठवड्यातून एक तास, पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी, समाजातीलच निवृत्त शिक्षकांच्या व हिशेबनीसांच्या मदतीने जरी राखून ठेवला, तरी त्याचे मोल कोणत्याही पारितोषिकाहून कमी ठरणार नाही. त्या तासाला मोठ्या खर्चाची गरज नाही. एक फळा, एक मीटरपट्टी, एक तराजू आणि न रागावणारे एक माणूस पुरे आहे.

जय जिनेंद्र.