झोताचें तोंड

निवृत्त शाळामास्तरानें यंत्राविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. पण गेल्या दिवाळीच्या आधीं माझ्या हातून जें घडलें, तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या अंगणांतील तुळशीवृंदावनावर माझ्या आईनें ओल्या चुन्यांत बोटांनीं उमटविलेलीं कमळें आहेत. चिरंजीवांनीं दाबाच्या पाण्यानें धुण्याचें यंत्र आणलें होतें. वृंदावनावरचें शेवाळ काढावें म्हणून मीं पेटींतलें तांबडें नॉझल लावलें व कळ दाबली. क्षणांत शेवाळाबरोबर एक कमळहि निघून गेलें! यंत्रानें आपलें काम चोख केलें. चुकली ती माझी निवड.

नॉझल म्हणजे झोताचें तोंड. घरगुती यंत्रांतहि पाण्याचा दाब १०० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारें शंभरपट, किंवा त्याहूनहि अधिक असतो. हें बळ किती जागेवर पडावें, तें नॉझल ठरवितें. बहुतेक संचांत तांबडें नॉझल शून्य अंशांचें, पिंवळें १५, हिरवें २५ व पांढरें ४० अंशांचें असतें, काळें साबणासाठीं. शून्य अंशांची धार एकाच बिंदूवर पडते. एका फुटावर १५ अंशांचा झोत सुमारें तीन इंच, तर ४० अंशांचा जवळजवळ नऊ इंच पसरतो. पाणी तेंच, दाब तोच. वांटणी निराळी, म्हणून परिणाम निराळा. अंतर दुप्पट केलें कीं पट्टाहि दुप्पट रुंद होतो आणि मारा सौम्य होतो.

तेव्हां मोटारीला पांढरें, अंगणाच्या फरशीला हिरवें, सिमेंटवरील चिवट डागांना पिंवळें योग्य. काळ्याचें छिद्र मोठें असल्यानें दाब उतरतो, आणि पुष्कळ यंत्रें तेव्हांच साबण ओढतात. तांबड्याची घरांत क्वचितच गरज पडते. नवें नॉझल घेतांना छिद्राचा क्रमांकहि यंत्राशीं जुळवून घ्यावा. छिद्र फार लहान असल्यास पंपावर ताण येतो. फार मोठें असल्यास दाबच मिळत नाहीं. नॉझल बदलण्यापूर्वीं यंत्र बंद करून कळ दाबावी व उरलेला दाब सोडून द्यावा.

आणखी एक गोष्ट मुलाबाळांच्या घरांत विसरूं नये. झोत कोणाच्याहि अंगावर, स्वतःच्या पायांवरहि, धरूं नये. धार कातडी भेदून आंत शिरूं शकते. जखम टांचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी आंतील इजा गंभीर असूं शकते. अशा वेळीं घरगुती उपचारांत वेळ न दवडतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

आरंभ रुंद तोंडानें व दुरून करावा. एका कोपऱ्यावर परीक्षा पाहावी. भागलें नाहीं तरच हळूहळू जवळ जावें. आणि ज्याची झीज पुन्हां भरून येणार नाहीं, त्याला यंत्र लावूंच नये. उरलेलीं कमळें मी आतां मऊ कुंच्यानें, तांब्याभर पाण्यानें धुतों. वेळ लागतो, पण तो वेळ त्या कमळांचाच आहे.