मागून धडक बसली तर डिकी उघडून बघा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)



आपल्यातल्या काही जणींनी गटाच्या कर्जातून गाडी घेतलीय. कुणाची भाजीला जाते, कुणाची शाळेच्या पोरांना ने-आण करते. मागून कुणी ठोकलं की ठोकणारा पाचशेची नोट पुढे करतो, "नुसता ओरखडाय ताई" म्हणतो. आपणही निघतो. पण बंपर असतो प्लास्टिकचा, दबून परत जागेवर येतो. त्यामागचा पत्रा वाकलेलाच राहतो.

म्हणून डिकी उघडून लावून बघा. घासतेय? एका बाजूला फट जास्त आहे? मग आत काहीतरी सरकलंय. स्टेपनीवरची चटई उचला, खालच्या पत्र्याला सुरकुती पडलीय का बघा. मागचे दिवे, सायलेन्सरही बघा.

सीएनजीची गाडी असेल तर मला जास्त काळजी वाटते. बहुतेक गाड्यांत टाकी डिकीतच, म्हणजे पोरांच्या पाठीशी! वास आला तर गाडी चालू करू नका, आधी सगळ्यांना उतरवून लांब न्या. वास नसला तरी टाकीचे पट्टे, नट, पाइप सीएनजीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. दर 3 वर्षांची चाचणी झालीय म्हणून हे टाळू नका.

नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीचा खर्च त्यातून मिळत नाही, ठोकणाऱ्याकडून मागावा लागतो. त्याच्या गाडीचा नंबर, फोटो तिथेच घ्या. 'मिटलं' असं लिहून देऊ नका. फुल विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. सर्व्हेअर येईपर्यंत गॅरेजवाल्याला दुरुस्तीला हात लावू देऊ नका, आणि त्याच्यासमोर बंपर काढूनच बघायला सांगा.