तोंडावाटे यंत्रसाहाय्यित शस्त्रक्रिया



घशाच्या कर्करोगावरील यंत्रमानवी शस्त्रक्रियेविषयी आज बोलावयाचे आहे. ‘यंत्रमानव’ या शब्दाने होणारा गैरसमज आधी दूर केलेला बरा. हे यंत्र स्वतःच्या मनाने काहीही करीत नाही. शल्यचिकित्सक थोड्या अंतरावर बसून घशाचे मोठे केलेले त्रिमिती दृश्य पाहतो आणि त्याच्या हातांच्या हालचालींनुसार यंत्राच्या बारीक भुजा रुग्णाच्या तोंडात चालतात.

टॉन्सिल आणि जिभेचे मूळ या जागा अशा आडवळणी की, तेथील गाठ काढण्यासाठी पूर्वी पुष्कळदा ओठ चिरून जबडा दुभंगावा लागे. जीव वाचे, पण घास गिळणे व बोलणे दुष्कर होई. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ग्रेगरी वाइनस्टाइन आणि बर्ट ओमॅली यांनी तोंडावाटेच हे काम करण्याची पद्धत विकसित केली. २००९ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली, ती प्रारंभिक अवस्थेतील, म्हणजे साधारण चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी. मात्र हा रामबाण उपाय नव्हे. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्रावाचा धोका असतो. शिवाय २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ६८ रुग्णांच्या एका तुलनात्मक अभ्यासात गिळण्याच्या बाबतीत किरणोपचारच किंचित सरस ठरला. निवड तज्ज्ञांनी रुग्णागणिक करावयाची असते.

आपल्याकडे निराळीच अडचण आहे. साधने तोंडातून जायची, तर तोंड पुरेसे उघडले पाहिजे. सुपारी व गुटखा दीर्घकाळ चघळल्याने गालांचे आतील अस्तर ताठर होते आणि जबडा आखडत जातो. म्हणजे ज्या व्यसनामुळे रोग संभवतो, तेच उपचाराची वाटही बंद करते! राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तेव्हापासून सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून घेऊन एकत्र करण्याची युक्ती मात्र रूढ झाली.

शिक्षकांना व ग्रामपंचायत सदस्यांना एक सोपी चाचणी सांगतो. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, ते पाहावयास सांगावे. जात नसतील, तर दुखण्याची वाट न पाहता त्या व्यक्तीस दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे. तीन आठवड्यांहून अधिक काळ घास अडकणे, एकाच कानात ठणका किंवा मानेत गाठ असेल, तरीही तसेच करावे. मानेतील ही गाठ बहुधा दुखत नाही, आणि नेमकी म्हणूनच ती दाखविण्यास विलंब होतो.