गुन्हेगार, साक्षीदार आणि आम्ही वाचक



या व्यासपीठावर काल वेदान्तावर बोलणे झाले आणि उद्या पाणीप्रश्नावर होणार आहे. मधल्या दिवशी खुनांवर बोलायला चालकांनी आम्हांस उभे केले, यात त्यांचा काही हेतू असलाच तर तो त्यांनाच ठाऊक. आम्ही लेखक नाही, टीकाकारही नाही. वाचनालयाची वर्गणी वेळेवर भरणारे आणि पुस्तके उशिरा परत करणारे एक वाचक, एवढाच आमचा अधिकार. अलीकडे आम्ही तीन रहस्यकादंबऱ्या आणि एका राजपुत्राचे आत्मचरित्र लागोपाठ वाचले. ती चारही पुस्तके डोक्यात एकमेकांशी भांडू लागली. ते भांडण आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आमच्या पिढीतले पुष्कळजण बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढले. मोठ्या माणसांसमोर ती वाचायची सोय नव्हती, म्हणून भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचली. पुढे गावच्या वाचनालयातून एक रहस्यकथा आणली, तर तिच्या विसाव्या पानावर कोणा महात्म्याने एका पात्राच्या नावाला बाण काढून पेन्सिलीने 'हाच खुनी' असे लिहून ठेवलेले! आम्ही मनातल्या मनात त्याला पुष्कळ शिव्या दिल्या. पुस्तक तरीही नेटाने पुरे केले, आणि खुनी भलताच निघाला. तेव्हापासून ठाम अक्षरात लिहिलेल्या साक्षीवर आम्ही सहसा विश्वास ठेवीत नाही.

रहस्यकथेचा धंदा लपवण्याचा आहे. पण लपवण्यालाही नीती असते. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज पाद्रीबाबांनी १९२९ साली या धंद्याचे दहा नियम सांगितले होते. गुप्त वाट फार तर एक असावी, गुन्हा शोधणाऱ्यानेच गुन्हा केलेला नसावा, जुळे भाऊ आयत्या वेळी आणून उभे करू नयेत, आणि शोध करणाऱ्याला सापडलेला धागा वाचकालाही तत्काळ दाखवावा. नियम अर्धे थट्टेने सांगितलेले आहेत. पण त्यांतला शेवटचा आम्हांस फार मोलाचा वाटतो. लेखकाने आम्हांस चकवावे, फसवू मात्र नये. आपल्याकडच्या जादूगाराचेही तसेच असते. तो हातचलाखी करतो हे ठाऊक असूनच आपण पैसे देतो. पण त्याने आपला खिसा कापला तर पोलिसांना बोलावतो.

या कसोटीला पहिले पुस्तक घेऊ. जपानचे केइगो हिगाशिनो यांचे 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ जपानी पुस्तक २००५ चे, इंग्रजी भाषांतर २०११ चे. त्याला जपानातला मानाचा नाओकी पुरस्कार मिळाला, आणि २०२३ साली त्यावर 'जाने जां' हा हिंदी चित्रपट निघाला. येथे खून आरंभीच आपल्या डोळ्यांदेखत होतो. डबे विकणाऱ्या दुकानात काम करणारी एक बाई, तिची शाळकरी मुलगी आणि त्रास द्यायला आलेला बाईचा पूर्वीचा नवरा. जपानी घरांत पाय उबवण्यासाठी पांघरूण घातलेले एक बुटके मेज असते, त्याच्या विजेच्या वायरीने त्याचा गळा आवळला जातो. शेजारच्या खोलीत गणिताचा एक मास्तर राहतो. रोज त्या दुकानातून डबा घेण्यापलीकडे त्याने तिच्याशी कधी जवळीक केलेली नाही. तो दार ठोठावतो आणि म्हणतो, पुढचे मी पाहतो.

म्हणजे खून कोणी केला हे आपणांस ठाऊक, का केला हे ठाऊक, प्रेताची विल्हेवाट कोण लावणार हेही ठाऊक. मग रहस्य उरले कुठे? तर ते उरते, आणि शेवटच्या काही पानांत ते असे उलगडते की आम्ही पुस्तक मिटून पुन्हा पहिल्या पानावर गेलो. मास्तर सकाळी शाळेत जाताना वाटेत जे पाहतो, ते लेखकाने आरंभीच आपल्यालाही दाखवलेले असते. परीक्षेत तो मुलांना असे गणित घालतो, की जे भूमितीचे वाटावे आणि असावे दुसऱ्याच जातीचे. हेही आपण वाचतो, आणि मास्तर मोठा विक्षिप्त म्हणून पुढे जातो. हे पुस्तक अस्सल कोड्याच्या परंपरेतले म्हणावे की नाही यावर जपानात वाद झाला. आमचे मत विचाराल तर लेखकाने आमच्याशी एकही खोटे वाक्य बोललेले नाही. खोटे आम्हीच आमच्याशी बोललो. आम्ही त्या मास्तरावर दया केली, आणि दयेच्या भरात जे पाहायला हवे होते ते पाहिले नाही. त्याचे उत्तर गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे. ते मिळवण्यासाठी त्याने काय खर्ची घातले, ते येथे सांगत नाही. आपणांपैकी कोणाचा तरी आनंद जाईल. इतकेच सांगतो, की आम्हांस दोन रात्री नीट झोप आली नाही.

दुसरे पुस्तक अँथनी होरोविट्झ यांचे 'मॅगपाय मर्डर्स', २०१६ चे. येथे कादंबरीच्या पोटात कादंबरी आहे. प्रकाशनसंस्थेतली एक बाई नामांकित लेखकाचे हस्तलिखित वाचायला घेते आणि वाचता वाचता कळते, की अखेरचा भाग गहाळ आहे! युक्ती नामी आहे. पण चारशेहून अधिक पाने संपल्यावर मनात काय राहिले, तर युक्तीच. आगगाडीच्या प्रवासात जरूर घ्यावे.

तिसरे रिचर्ड ऑस्मन यांचे 'द थर्सडे मर्डर क्लब', २०२० चे. हे गृहस्थ इंग्लंडात दूरदर्शनवर प्रश्नमंजूषेचे कार्यक्रम करून प्रसिद्ध झाले. केंट परगण्यातल्या वृद्धांच्या एका वसाहतीत दर गुरुवारी चौघेजण जमतात आणि पोलिसांना न सुटलेले जुने खून सोडवायला बसतात. एक हेरखात्यातली निवृत्त बाई, एक परिचारिका, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक कामगारपुढारी. कोडे म्हणून पाहिले तर पुस्तक सैल आहे. योगायोग फार, कबुलीजबाब त्याहून फार. नॉक्सबाबांनी छडी उगारली असती. पण आमच्याकडे वृद्धाश्रम म्हटला की लेखकाच्या लेखणीतून आधी आसवे गळतात आणि मग शाई. येथे म्हातारी माणसे केक खातात, खोटे बोलतात, पोलिसांना गुंडाळतात. आणि त्या हेर बाईचा नवरा हळूहळू सगळे विसरत चालला आहे. जन्मभर परक्या देशांची गुपिते सांभाळलेली ही बाई आता नवऱ्याची विस्मृती जगापासून लपवते आहे. खुनाचा तपास आम्ही विसरून गेलो. तिचे ते लपवणे विसरलो नाही.

आता चौथे. १० जानेवारी २०२३ रोजी इंग्लंडचे राजपुत्र हॅरी यांचे 'स्पेअर' प्रसिद्ध झाले आणि इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा मिळून पहिल्याच दिवशी चौदा लाखांहून अधिक प्रती खपल्या. नावाचा अर्थ असा, की थोरला तो वारस आणि धाकटा हाताशी असलेला जादा. आपल्या भाषेत स्टेपनी. शब्दांकन जे. आर. मोरिंगर यांचे आहे. टेनिसपटू आगासीचे गाजलेले आत्मचरित्रही त्यांच्याच लेखणीतून उतरले होते. म्हणजे या पुस्तकातला 'मी' दोन माणसांचा आहे. आम्ही एकटे असून 'आम्ही' म्हणतो, ते दोघे असून 'मी' म्हणतात, तेव्हा तक्रार करण्याचा आम्हांस अधिकार नाही.

पुस्तक निघताच जगभरचे वाचक पेन्सिली घेऊन बसले, आणि चुका सापडल्याही. पणजी वारल्याची बातमी आपल्याला शाळेत फोनवर कळली असे हॅरी लिहितात; २००२ सालच्या त्या दिवशी ते बाप आणि भावाबरोबर स्वित्झर्लंडला बर्फावर होते. ईटन शाळेचा संस्थापक सहावा हेन्री याला ते आपला पूर्वज म्हणतात. त्या राजाचा एकुलता मुलगा १४७१ साली लढाईत निपुत्रिक मेला, वंश पुढे चालणार कसा? आणि तिसरी चूक, जिच्यापाशी आमची पेन्सिल थांबली. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी आई गेली. पंधरा सप्टेंबरला मुलाला तेरा वर्षे पूर्ण झाली. आईने जाण्यापूर्वी घेऊन ठेवलेली भेट मावशीने आणून दिली. ती काय होती, तर एक्सबॉक्स, असे पुस्तक सांगते. आणि एक्सबॉक्स हे खेळाचे यंत्र बाजारात आले २००१ साली!

रहस्यकथेत ही चूक असती तर आम्ही टेबलावर हात आपटून म्हटले असते, सापडला! साक्षीदार खोटा! पण येथे तसे म्हणवेना. खोक्यात दुसरे एखादे यंत्र असेल. गेलेल्या आईने हाताने घेतलेली वस्तू पंधरा दिवसांनी मुलाच्या हातात आली, एवढ्यावर शंका घेणारे आम्ही कोण? उलट त्याच पुस्तकात हा मुलगा स्वतःच तपासनीस झालेला दिसतो. आई मेली नसून कुठेतरी लपून बसली आहे, असे त्याला कित्येक वर्षे वाटत राहिले. २००७ साली तो पॅरिसला गेला असता त्याने आईला अपघात झाला त्या बोगद्यातून गाडी न्यायला सांगितली, ताशी ६५ मैल वेगाने. आईची गाडी त्याच वेगाने गेली होती असे पोलिसांचे म्हणणे होते. काही नाही. साधा सरळ बोगदा. तीनही रहस्यकथांत आम्हांस इतके भयंकर पान भेटले नाही, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही.

मात्र याच पुस्तकात थोरला भाऊही आहे. २०१९ साली भांडणात भावाने आपल्याला जमिनीवर पाडले, पाठीखाली कुत्र्याचे भांडे फुटले, असे हॅरी लिहितात. असेलही. राजवाड्याने पुस्तकावर काहीच उत्तर केले नाही. पण ज्या आठवणीने यंत्राचे नाव चुकवले तीच आठवण येथे भावाविरुद्ध साक्ष देते आहे. आठवण म्हणजे माझी आठवण, तिच्यात नोंदवहीतल्या वस्तुस्थितीइतकेच सत्य आहे, असा लेखकाचा पवित्रा आहे. आपल्या दुःखाबद्दल तो आम्हांस मान्य. दुसऱ्याच्या वर्तनाबद्दल नाही. रहस्यकथेत आरोपीला निदान शेवटच्या प्रकरणात दिवाणखान्यात बोलावून बोलू देतात.

अगाथा ख्रिस्तीबाईंची वाट नेमकी उलटी होती. डिसेंबर १९२६ मध्ये त्या अकरा दिवस नाहीशा झाल्या. सारे इंग्लंड शोधत होते, आणि बाई हॅरोगेटच्या एका हॉटेलात, नवऱ्याचे जिच्यावर मन बसले होते तिचे आडनाव लावून राहिल्या होत्या. त्यांचे आत्मचरित्र मरणोत्तर १९७७ साली निघाले. त्यात त्या अकरा दिवसांबद्दल अवाक्षर नाही. पूर्वी आम्हांस ही वाचकाची फसवणूक वाटे. आता वाटत नाही. त्यांनी सर्व सांगते असे म्हटलेच नव्हते.

हे मत बदलायला आमच्याच घरची एक गोष्ट कारण झाली. वडील गेले तेव्हा आम्ही नऊ वर्षांचे होतो. त्या रात्रीची हकीकत आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. बाहेर मुसळधार पाऊस, कंदील विझलेला, आई एकटी, आणि दादा सिनेमाला गेलेला. एका लग्नघरी ती सांगत असता दादा मागे उभा होता. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "अरे, मी सायकलवरून डॉक्टरांना आणायला गेलो होतो. आणि पाऊस कुठला? बाबांचं श्राद्ध आपण मार्गशीर्षात करतो ना?" दर मार्गशीर्षात पानावर बसून श्राद्धाचे जेवण जेवणाऱ्या आम्हांस इतक्या वर्षांत तो पाऊस कधी खटकला नव्हता. पाऊस खरा असेल, दुसऱ्या कुठल्या रात्रीचा. सिनेमाही. पण ती हकीकत आम्ही किती जणांना सांगितली, आणि त्यांतले किती आज हयात आहेत की ज्यांच्याकडे जाऊन दुरुस्ती करावी?

'स्पेअर' सध्या दादाकडे आहे. वाचनालयाचा तगादा दोनदा येऊन गेला. परंतु तो फार सावकाश वाचतो, आणि घाई करायला आम्ही सांगितलेले नाही.