जावरची उलटी मूस



दगडातून धातू काढायचा म्हटले की आपल्यापुढे भट्टी येते. भाता चालवायचा, खनिज आणि कोळसा टाकत राहायचे, तळाशी रस जमला की ओतून घ्यायचा. तांब्या-शिशाचे ढोबळमानाने तसेच होते. जस्ताचे होत नाही. जस्त 419 अंश सेल्सिअसला वितळते आणि 907 अंशांना उकळते. पण त्याच्या भस्मातला ऑक्सिजन कोळशाने ओढून घ्यायला भट्टी त्याहूनही तापवावी लागते. म्हणजे हा धातू सुटतो तोच वाफ होऊन. त्या वाफेला हवा लागली की पुन्हा पांढरे भस्म! उघड्या भट्टीत गाडीभर कोळसा जाळला तरी जस्ताचा थेंब हाती लागायचा नाही.

ही वाफ मोठ्या प्रमाणावर पकडून दाखवली ती राजस्थानात, उदयपूरजवळच्या जावरच्या कारागिरांनी, आणि तीही मध्ययुगात. 1980 च्या दशकात बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून तिथे शोध घेतला, तेव्हा या कारागिरांच्या भट्ट्या मुशींसकट सापडल्या.

त्यांची रीत अशी. खनिज आधी भाजून त्यातला गंधक उडवून लावायचा. मग ते कोळशाबरोबर मातीच्या मुशीत भरायचे. मूस वांग्याच्या आकाराची. तिच्या तोंडाला मातीची लांब नळी लिंपायची आणि सगळी मूस उलटी करायची, तोंड खाली! आतला माल घसरू नये म्हणून मध्ये एक काडी खोचलेली असे. भट्टी तापली की काडी जळून जाई आणि तिच्या जागी वाफेला उतरायला वाट तयार होई. मला या सगळ्यात ती काडी फार मोलाची वाटते. आधी आधार द्यायचा आणि नेमक्या वेळी जागा मोकळी करायची, ही दोन्ही कामे एका काडीकडून करून घेणारा माणूस आगीपाशी किती काळ बसला असेल!

अशा 36 मुशी, सहा-सहाच्या ओळींत, भोकांच्या जाड मातीच्या तबकावर मांडत. वर जाळ, तबकाखाली गार कप्पा. नळ्यांतून उतरणारी वाफ तिथे निवे आणि जस्त खालच्या भांड्यात ठिबके. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात वृंताक मूषा, म्हणजे वांग्यासारखी मूस, सांगितली आहे. जावरला तीच हजारोंनी निघाली. वापरून झालेल्या मुशी रचून तिथे घरांच्या भिंतीही उभारल्या आहेत.

इंग्लंडात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याचे पेटंट घेतले ते 1738 मध्ये. त्याच्याही भट्टीत वाफ खालीच उतरत होती. जावरला तोवर ही विद्या कित्येक पिढ्यांच्या हातांत रुळलेली होती.