वसईचें पाणी आणि वसईचें नगर
(महोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत गतकाळाचें गुणगान करण्याची चाल आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु आमच्या धर्मग्रामाभोंवतीं जें नगर दिवसेंदिवस वाढत आहे, त्याचा विचार या प्रसंगीं केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आणि पश्चिमेस सिंधुसागर, एवढ्या मर्यादेंत हें वसई-विरार वसलें आहे. २०११ च्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या १२ लक्ष २२ हजारांच्या घरांत होती. त्यानंतर ती किती वाढली हें सांगण्यास गणक नको. सकाळच्या विरार गाडींत पाय ठेवूं पाहणारास तें पुरतें ठाऊक आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या भूमीचा इतिहास हा मुख्यत्वें पाण्याचा इतिहास आहे. पाण्यानें येथें माणसें आणिलीं, पाण्यानें त्यांस पोसलें, आणि जेथें पाण्याची वाट बुजली तेथें वस्तीचें भाग्यही बुजलें.

प्रथम सोपारा पाहा. आज नाळें व सोपारा या दोन गांवांचीं नांवें एकत्र होऊन रेल्वेच्या पाटीवर ‘नालासोपारा’ झालीं आहेत. पण हेंच तें प्राचीन शूर्पारक. ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक ग्रंथांत या बंदराचा उल्लेख आहे. सम्राट अशोकाच्या धर्माज्ञा येथें शिलांवर कोरल्या गेल्या. त्यांतील आठव्या आज्ञेचा तुकडा १८८२ सालीं सांपडला, व त्याच वर्षीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील बौद्ध स्तूपाचें उत्खनन केलें. ख्रिस्ती जनांसही या स्थळाचा विसर पडूं नये. १३२१ सालीं ठाणें येथें चार फ्रान्सिस्कन संन्याशांस धर्मासाठीं प्राण द्यावे लागले, तेव्हां त्यांचे सोबती डॉमिनिकन धर्मगुरु जॉर्डानुस यांनीं त्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले. पुढें खाडी गाळानें भरत गेली, गलबतें येईनाशीं झालीं, आणि ज्या बंदराचें नांव परदेशीं गाजलें होतें तें एक लहानसें खेडें होऊन राहिलें.

सोपाऱ्यामागून वसईचा उदय झाला. १५३४ सालच्या तहानें गुजराथचा सुलतान बहादूरशाह यानें वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली, व ती त्यांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी झाली. याच वसईंत संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. ते व्यापारानिमित्त जपानास गेले, तेथील भाषा शिकले, पुढें संन्याशांचे दुभाषी झाले, व १५९७ सालीं नागासाकी येथें क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ सालीं ते संतपदास चढले. त्यांचा पुतळा आपण फुलांनीं सजवितों. पण परक्या नगरींत परका म्हणून राहून तेथील लोकांची भाषा आपलीशी करणारा हा वसईकर होता, हें ध्यानांत ठेवावें. त्याचें कारण पुढें येईल.

१७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें वसई घेतली, आणि दोनशें पांच वर्षांचा तो अंमल संपला. कालांतरानें किल्ला ओस पडला; तटांवर वड-पिंपळ उगवले. पण किल्ल्याबाहेरील वाड्या ओस पडल्या नाहींत. राज्यकर्ते तीन वेळां पालटले, तरी केळीचा लोंगर त्याच विहिरीच्या पाण्यावर पोसला गेला. यांत वसईचें खरें बळ दिसतें.

तें बळ कशांत होतें? एक रहाटाच्या विहिरींत व दुसरें बावखलांत. तरुणांसाठीं हें सांगणें अवश्य आहे, कारण कित्येकांनीं रहाट पाहिलाही नसेल. चाकावर मडक्यांची माळ, तें चाक रेड्यानें फिरवावें आणि पाणी पाटानें वाडींत सोडावें, अशी ती रीत होती. बावखल म्हणजे गांवाच्या सखल भागांतील गोड्या पाण्याचें तळें. पावसाचें पाणी त्यांत सांठे, हळूहळू मुरे, आसपासच्या विहिरींस पुरे, आणि जमिनीखालीं समुद्राच्या खाऱ्या पाण्यास आंत येऊं देत नसे. त्या पाण्यावर राजेळी केळीं पिकलीं, तीं वाळवून सुकेळीं झालीं. पानवेली चढल्या, मोगरा व सोनचाफा फुलला. १८६४ सालीं आगगाडी आली आणि १८६७ सालच्या एप्रिलांत विरारहून मुंबईस रोजची गाडी सुरूं झाली. पुढें आमच्या आयाबहिणींनीं टोपल्या डोकीवर घेऊन याच गाडीनें मुंबईस भाजी पोंचविली. मुंबईच्या ताटांतील पाला या मातींत पिकत असे.

ज्या रुळांवरून भाजी गेली, त्याच रुळांवरून पुढें माणसें आलीं. मुंबईंत जागा महाग झाली. चाळीच्या एका खोलींत वाढलेल्या कुटुंबास स्वतःचें घर मिळेल असें ठिकाण म्हणजे वसई, नालासोपारा, विरार. १९८८ सालीं शासनानें येथील हरितपट्ट्यांतील मोठी जमीन बांधकामास मोकळी केली, आणि पाहतां पाहतां शेतांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. इमारतींस नळ नव्हते. म्हणून पश्चिमेच्या वाड्यांतील विहिरींचें पाणी टँकरांनीं उपसून तिकडे नेण्यांत आलें. विहिरी खोल गेल्या व कित्येक खारट झाल्या. त्या वेळीं ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. तिचे धुरीण फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढें २०२० सालच्या धाराशिव येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ सालीं ते देवाघरीं गेले. ते झगडले ते केवळ झाडांसाठीं नव्हे; पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा त्यांचा प्रश्न होता.

३ जुलै २००९ रोजीं चार नगरपरिषदा व भोंवतालचीं गांवें मिळून महानगरपालिका स्थापन झाली. कित्येक गांवांनीं तींत जाण्यास विरोध केला, व तो वाद न्यायालयांत दीर्घकाळ चालला. त्या वादाचा निकाल सांगण्याचें हें स्थान नव्हे. परंतु २०१८ च्या जुलै महिन्यांतील पूर आपण सर्वांनीं पाहिला. रुळ पाण्याखालीं गेले, आगगाड्या खोळंबल्या, वीज गेली, मिठागरांतील मजुरांस होड्यांनीं बाहेर काढावें लागलें. ज्या मिठागरांत, पाणथळींत व नाल्यांत पूर्वीं पावसाचें पाणी विसावत असे, तेथें भराव पडले होते. पाण्यास जागा नाकारली, तेव्हां तें घरांत शिरलें. पाणी गांवचें व नगराचें असा भेद करीत नाहीं.

२०२३ च्या अखेरीपासून सूर्या योजनेचें पाणी नगरास येऊं लागलें आहे. दररोज १८ कोटी ५० लक्ष लिटर असा त्याचा ठरलेला वाटा आहे. तहानलेल्या घरास नळ मिळाला याचा आनंद कोणास होणार नाहीं? पण सूर्येचें धरण मूळ शेतीच्या ओलितासाठीं बांधलेलें आहे, आणि पालघर जिल्ह्यांतील आदिवासी बांधव आपल्या शेताचें पाणी जातें म्हणून तक्रार करीत आले आहेत. ही तक्रार आम्हांस ओळखीची वाटली पाहिजे. आमच्या विहिरींवर टँकर लागले तेव्हां हेच शब्द आमच्या तोंडीं होते.

म्हणून या महोत्सवीं आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. पहिली, ‘बाहेरचे’ हा शब्द तोंडीं आणतांना विचार करावा. मुंबई, केरळ, मंगळूर, गोवा येथून आलेलीं कुटुंबें आज त्याच प्रभुभोजनास आपल्याशेजारीं गुडघे टेकतात. आणि जमिनी घेणारे हात जसे परके होते, तसे विकणारे हात येथलेच होते. गोन्सालो जपानांत परकेच होते. दुसरी, ज्याच्या वाडींत विहीर वा बावखल आहे त्यानें तें बुजवूं नये. विकण्याची वेळ आली तरी पाण्याची जागा मोकळी राहील अशी अट खरेदीखतांत घालावी. तिसरी, नव्या इमारतींत राहणारांनीं छपरावरील पाऊस जमिनींत मुरविण्याची सोय आपल्या सोसायटींत करून घ्यावी, आणि ती चालते कीं नाहीं हें दर मृगापूर्वीं स्वतः पाहावें. जुन्या रहिवाश्यानें नव्यास बावखलाचा उपयोग समजावून द्यावा. नव्यानें जुन्यास सभेंत व कचेरींत अर्ज कसा लढवावा हें शिकवावें.

नगर वाढणारच, त्यास आम्ही शाप देत नाहीं. वाढणाऱ्या नगराखालीं गोडें पाणी राहील कीं खारें शिरेल, एवढेंच आपल्या हातीं आहे. या पावसाळ्यानंतर आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक विहीर व बावखल यांची नोंद करण्याचें काम तरुणांनीं हातीं घ्यावें. वही आम्ही देतों. परमेश्वर आपणां सर्वांचें कल्याण करो.