खांदेरीचा दिवा

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समुद्रात दोन बेटे दिसतात. अलीकडचे उंदेरी, पलीकडचे खांदेरी. खांदेरीवर किल्ला आहे आणि किल्ल्याच्या आत दीपगृह. मला बोलायचे आहे ते दिव्याबद्दल. पण त्यासाठी आधी किल्ल्याकडे पाहावे लागते.

१६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी माणसे घेऊन या बेटावर उतरले आणि तटाचे काम सुरू झाले. मुंबईच्या तोंडावर मराठ्यांचा किल्ला इंग्रजांना कसा खपावा? त्यांनी जहाजे पाठवली, मागून सिद्दीही आला. मराठी आरमार घेऊन दौलतखान लढत होते. हलक्या होड्या रात्री इंग्रजी जहाजांना हुलकावणी देऊन बेटावर रसद पोचवीत. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी नाद सोडला. पुढे १७१८ मध्ये, कान्होजी आंग्र्यांच्या काळात, त्यांनी पुन्हा हल्ला केला, तोही फसला. त्या काळी इथला अंधार हे एक हत्यारच होते. ज्याला खडक ठाऊक, त्याचा समुद्र.

याच बेटावर १८६७ साली इंग्रजी अमलात अष्टकोनी दीपगृह उभे राहिले. हेतू काही परोपकाराचा नव्हता. मुंबई बंदराचा व्यापार वाढत होता, जहाज खडकावर जाणे परवडणारे नव्हते. पण दिवा ज्याच्यासाठी लावला त्याच्यापुरता राहत नाही. गोऱ्या कप्तानाच्या आगबोटीला जो उजेड, तोच थळच्या कोळ्याच्या होडीला. काळोखातून आलेल्याला तो नाव विचारत नाही.

माझे आजोबा गलबतावर तांडेल होते. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण किनाऱ्यावरचे दिवे ते वाचत. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली असते: किती झोत, मग किती सेकंद काळोख. शेजारच्या दोन दिव्यांची चाल सारखी ठेवत नाहीत. आजोबा मनात मोजत आणि सांगत, ही खांदेरी, हा कुलाब्याचा प्रोंग्ज. पुढे मी गझलेसाठी मात्रा मोजू लागलो, तेव्हा कळले की मधला काळोखही मोजावा लागतो.

आज या दीपगृहाला कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे. इंग्रजांनी लावलेला दिवा, नाव त्यांना हार न गेलेल्या दर्यासारंगाचे! जुलै २०२५ मध्ये खांदेरी किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. आनंदच आहे. तट पाहायला, तोफा पाहायला माणसे येतील. बेटावर वेताळाचे देऊळ आहे, पिराचा दर्गाही आहे, तेही पाहतील.

मात्र दिव्याला नुसता वारसा समजू नये. मोठी जहाजे आता उपग्रहावरून वाट काढतात. लहान होडीतले यंत्र बंद पडते, मोबाइलची बॅटरी उतरते. अशा रात्री घरी परतणाऱ्याला तो दिसलाच पाहिजे. तो पेटता ठेवायला खर्च येतो, आणि तो खर्च करत राहिले पाहिजे.